लाउंजवाले काका

“या कोडवर एकालाच आत जाता येईल, काका,” काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि फोन तिने परत त्यांच्यापुढे सरकवला.

काका फोनकडे असे बघत राहिले की जणू त्यानेच चहाडी केली होती.

“आमच्या लेकीने दोघांचं म्हणून पाठवलंय.”

“पूर्वी दोघांचं होतं. आता कार्डवाल्यांनी एकाचंच केलंय. दुसऱ्याचे पैसे भरावे लागतील. आणि भरले तरी लगेच नाही सोडता येणार. आत बसायला जागाच नाही. ती लाइन दिसतेय ना, ती त्याचीच.”

लाइन दिसण्यासारखीच होती. विमानतळावरच्या त्या लाउंजच्या, म्हणजे प्रवाशांच्या खास बैठकीच्या, काचेच्या सरकत्या दारापासून भिंतीच्या कडेने माणसं आपापल्या बॅगांवर रेलून उभी होती. ज्या आरामासाठी आत जायचं, तो मिळवायला इतका वेळ तिष्ठायचं, हे काकूंच्या डोक्यात काही केल्या शिरेना. पण आजचा दिवस काकांचा होता. लाउंजचं नाव काढून नवऱ्याला टोमणा मारायचा नाही, असं त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं, आणि ही गोष्ट त्यांना सोपी नव्हती.

कारण लाउंज हा त्या घरातला जुना विषय. काका मोठ्या छापखान्यांची यंत्रं दुरुस्त करणारे मेकॅनिक. कुठेतरी यंत्र बंद पडलं की कंपनी त्यांना विमानाने पाठवायची. बरोबर एक साहेब. साहेबांनी कागदपत्रांवर सह्या करायच्या, काकांनी यंत्राच्या पोटात शिरायचं. परत आले की नखांत शाई आणि तोंडात लाउंजच्या गोष्टी. आम्ही लाउंजमध्ये बसलो होतो. छताला हा असा छत्रीएवढा गोल दिवा. निळे सोफे. सूपची झाकणवाली दोन भांडी आणि त्यांच्यामागे पांढरी टोपी घातलेला माणूस. कुणी मोठ्याने बोलत नाही, चमच्याचा आवाज होत नाही. मग खिशातून साखरेच्या दोन पुड्या निघायच्या, लांबट, चकचकीत कागदाच्या. एक मुलीला, एक हिला. मुलगी तिची फोडून लगेच खायची. काकू आपली बरणीत टाकायच्या.

त्या गोष्टी सांगून सांगून काकांचं नाव सगळ्या आळीत ‘लाउंजवाले काका’ पडलं होतं. काकू लोकांचे कपडे कमीजास्त करून द्यायच्या, म्हणजे कुणाची पॅन्ट आखूड कर, कुणाची चेन बदल. माप द्यायला आलेल्या बायकांपुढे काकूच हे नाव कौतुकाने घ्यायच्या. “आमचे लाउंजवाले गेलेत दौऱ्यावर,” असं. घरात मात्र तेच नाव त्यांच्या जिभेवर दुसऱ्या चवीने यायचं. लेक तापाने फणफणलेली, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि हा माणूस दोन दिवसांनी उगवून दिव्याचं वर्णन करतोय. “तुम्ही प्या सूप सोफ्यावर बसून. आम्ही आहोतच इथे मरायला.” असं एकदा नाही, अनेकदा झालं होतं. काका त्यावर कधी एका शब्दाने बोलले नाहीत. अंगाला लावूनच घेत नाहीत, असा काकूंचा समज. “एकदा नेतो तुला,” एवढंच म्हणायचे.

ते ‘एकदा’ राहून गेलं. काका निवृत्त झाले, साहेब तर जगातूनच गेले. आणि आता काकांच्या हृदयातली एक झडप बिघडली. “माझ्याच पंपाचा वॉशर गेला,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ऑपरेशन लेकीच्या शहरात ठरलं. तिकिटं लेकीनेच पाठवली, आणि काकांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो लाउंजचा.

“बाबा, आता लाउंजमध्ये काही राम राहिला नाही हो,” लेक म्हणाली होती. ती कामानिमित्त सारखी विमानाने हिंडते, तिला ठाऊक. “ज्याच्या त्याच्याकडे कार्ड. नुसता बस स्टँड झालाय त्याचा. सूप म्हणजे गरम पाणी. बसायला जागा मिळेल याचा भरवसा नाही. त्यापेक्षा गेटपाशी निवांत बसा. तुम्हाला दगदग नको.”

“मला तुझ्या आईला दाखवायचंय,” काका म्हणाले. “आता नाही तर कधी?”

लेकीने मग वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी लेकीने कोड पाठवून दिला. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तिघांनाही माहीत होतं. झडप बदलता येते, पण या वयात भरवसा देता येत नाही. काकूंनी प्रवासाची बॅग भरताना काकांचे चार शर्ट ठेवले, मग पाचवा ठेवला, आणि तो पाचवा कितीदा तरी काढला आणि पुन्हा ठेवला.

तर असा तो कोड, आणि तो निघाला एकाचा.

“तू जा,” काका म्हणाले.

“काहीतरीच काय. तुम्ही जा. मी बसते इथे.”

“अगं मी काय, पुष्कळ पाहिलंय. तुला दाखवायचं म्हणून तर एवढा आटापिटा.” त्यांनी काकूंच्या हातातली पिशवी घेतली, दुसरी बॅग स्वतःकडे ओढली. “जा. आत शिरलीस की समोरच दिवा. डावीकडे सोफे. सूप उजवीकडे. बघून ये सगळं.”

काचेच्या दारासमोर, रस्ता सोडून, लोखंडी खुर्च्यांची एक ओळ होती. काका बॅगा घेऊन तिकडे वळले. काकू आपली पर्स तिथे टेकवून चष्मा काढायला गेल्या, तर ते मागे न बघताच म्हणाले, “तिसरीवर काही ठेवू नकोस. डुलते ती.” आणि स्वतः पहिल्या खुर्चीवर, खांबाला पाठ लावून बसले. एक बॅग पायांच्या मधे, दुसरी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. “इथे वारा लागत नाही,” ते म्हणाले. काकूंना तेव्हा एवढंच वाटलं की बरं झालं, माणूस ऐसपैस बसला.

दार सरकलं आणि काकू आत गेल्या.

लेक खोटं बोलली नव्हती. एक मूल गालिच्यावर लोळण घेऊन रडत होतं. एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं फैलावर घेत होते. टेबलांवर उष्ट्या बशांचे ढीग. तरीही काकूंना पहिल्यांदा दिसला तो दिवा. खरंच छत्रीएवढा, खरंच गोल. काकू त्याच्याखाली थांबल्या. वर्षानुवर्षं ज्याच्याबद्दल नुसतं ऐकलं, असा दूरचा नातलग एकदाचा समोर यावा तसं त्यांना झालं. सोफे निळेच होते. मधे कधीतरी नवं कापड चढवलेलं, आणि ज्याने चढवलं त्याने कडेची गोट वाकडी शिवलेली. काकूंच्या नजरेतून ती सुटणं शक्यच नव्हतं. सूपची दोन भांडी झाकणांसकट जागच्या जागी. मागे पांढऱ्या टोपीचा माणूस, बहुधा त्या जुन्या माणसानंतरचा कितवा तरी. सगळं कसं काकांनी सांगितलं होतं तसं. काकूंना नवऱ्याचा एकदम अभिमान वाटला. काय स्मरण आहे माणसाचं.

रिकामी खुर्ची मात्र कुठे दिसेना. “पुढे बघा, वळणावरून आत,” टोपीवाला म्हणाला.

वळण आहे हे काकूंना ठाऊक नव्हतं. सूपच्या टेबलापासून खोली डावीकडे वळत होती आणि पलीकडे आणखी एवढीच खोली होती. काकू वळल्या आणि थबकल्या.

तिथे भिंत नव्हतीच. जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि काचेपलीकडे विमानं. अगदी हाताच्या अंतरावर वाटावीत अशी. एकाचं पोट उघडं होतं आणि माणसं त्यात सामान चढवत होती. एकाच्या पंखाखाली कुणीतरी झोपून वर काहीतरी तपासत होता. दूर एक धावत सुटलं आणि उचललं गेलं. काकू सगळं विसरून बघत राहिल्या, आणि मग त्यांना एक बारीकसा प्रश्न पडला. हे कसं नाही सांगितलं कधी?

रस्त्यावर खड्डा खणणारं यंत्र दिसलं तर काका भाजीची पिशवी घेऊन तासभर तिथे उभे. गिरणीत दळण टाकायला गेले तर पट्ट्याचा आवाज ऐकून सांगतील की हा सैल झालाय. आणि या माणसाने इतकी वर्षं मला सूपच्या झाकणाची मूठ कशी होती ते सांगितलं, आणि विमानाचं उघडं पोट सांगितलं नाही?

नंतर केलं असेल, काकूंनी स्वतःला समजावलं. काच नवी असेल. सवयीने त्यांनी चौकटीवर बोट फिरवलं, कापड बघावं तसं. रंगाखाली रंग होता आणि त्याखाली आणखी एक. कोपरे लोकांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झाले होते. चौकट त्यांच्या लेकीच्या वयाची तरी असावी.

काकू परत फिरल्या. वळण ओलांडून दिव्याखाली आल्या आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कुणीतरी बाहेर पडत होतं, दार सरकलं. समोर लोखंडी खुर्च्यांची ओळ दिसली आणि पहिल्या खुर्चीवर काका, मांडीवर बॅग घेऊन, मान थोडी पुढे काढून आत बघत असलेले. दार मिटलं. परत उघडलं. काका तसेच.

त्या खुर्चीवरून काय दिसत असेल, याचा हिशेब करायला काकूंना वेळ लागला नाही. दिवा दिसेल. निळे सोफे दिसतील. सूपची भांडी आणि पांढरी टोपी दिसेल. वळण नाही दिसणार, आणि वळणापलीकडचं काहीच नाही.

तिसरी खुर्ची डुलते. इथे वारा लागत नाही. आणि ते ‘आम्ही’. आम्ही लाउंजमध्ये बसलो होतो. साहेब आत बसत होते, आणि हा माणूस बाहेर, साहेबांची बॅग मांडीवर घेऊन. चमच्याचा आवाज होत नाही म्हणे. कसा होईल, मधे काच असल्यावर. विमानाची वेळ झाली की साहेब बाहेर येत असणार, आणि येताना आतून साखरेच्या दोन पुड्या उचलून याच्या हातावर ठेवत असणार. घरी पोरीला दे म्हणून.

काकूंना आधी चक्क हसू आलं. केवढी थाप, आणि किती वर्षं. मग ते हसू मावळलं. त्यांना राग नाही आला. राग यायला हवा होता असंही वाटलं नाही. त्यांना आठवलं ते स्वतःचंच बोलणं. तुम्ही प्या सूप सोफ्यावर बसून. हे ऐकून तो माणूस गप्प राहायचा. काय बोलणार होता? मी बाहेर बसतो, असं सांगितलं असतं तर बायकोचा टोमणा बंद झाला असता, पण मग माप द्यायला आलेल्या बायकांपुढे तिने कौतुकाने सांगायचं काय? काकूंना त्या क्षणी स्वतःची जीभ कापून टाकावीशी वाटली.

पण हळहळत बसणं हा काकूंचा पिंड नव्हता. सुईत एकदा दोरा ओवला की काम हातावेगळं केल्याशिवाय त्या जागच्या उठत नसत. त्यांनी मनाशी ठरवलं की आज हा माणूस आत येणार. पाहुणा म्हणून नाही, मला सगळं दाखवणारा म्हणून. आणि मला काही कळलंय हे त्याला जन्मात कळता कामा नये.

दारालगतच्या काउंटरची एक खिडकी आतल्या बाजूनेही उघडत होती, त्या तिथे गेल्या.

“बाहेर माझे यजमान बसलेत. त्यांचे पैसे मी भरते.”

“आजी, पैशांचा प्रश्न नाही. आत जागा नाही.”

“माझ्या वाटणीची खुर्ची त्यांना द्या. मी उभी राहीन.”

“तसं नाही करता येत. आत किती माणसं, ते ठरलेलं असतं. लाइनमधून यावं लागेल.”

“मग लाइनमध्ये उभी राहते. मी बाहेर गेले तर मला परत आत घ्याल ना?”

मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग काकूंच्या पासकडे. “घेईन. पण तुमचं विमान लागायला फार वेळ नाही राहिला. नंबर येईपर्यंत आत बसायला जेमतेम वेळ उरेल. तेवढ्यासाठी कशाला पैसे घालता? हल्ली तर लोक तक्रारच करतात, एवढं देण्यासारखं आत काही नसतं म्हणून. खरं सांगते, गेटपाशी बसलात तर बरं पडेल.”

“बाळ, तू चांगल्यासाठीच सांगतेस,” काकू म्हणाल्या. “पण मला आज हे करायचंच आहे.”

शिवणाच्या पैशांचा बटवा त्यांनी पर्समधून काढला आणि काउंटरवर ठेवला. मुलीने पुन्हा एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पावती फाडली.

काकू बाहेर आल्या तशी काका धडपडत उठले. “काय गं? झालं इतक्यात?”

“मला नाही बाई आत काही सुधरत,” काकू म्हणाल्या. “कुठे बसायचं, काय घ्यायचं, कुणाला विचारायचं. खुळ्यासारखी दिव्याखाली उभी राहिले. तुम्ही चला.”

“मी?” काकांच्या हातातली बॅग एकदम जड झाल्यासारखी खाली टेकली. “मी कशाला? आणि कोड एकाचाच आहे.”

“पैसे भरलेत.”

“भरलेस? अगं पण... एवढे कशाला? लेक म्हणालीच होती, आता तिथे काही राहिलं नाही म्हणून. आणि गुडघा...”

“गुडघ्याला काय होतंय? तिथे सोफेच आहेत ना? तुम्हीच सांगता.”

काका चाचरले. लग्नाच्या इतक्या वर्षांत काकूंनी त्यांना पुष्कळदा कोंडीत पकडलं होतं, आणि त्यात काकूंना थोडी मजाही यायची. आज पहिल्यांदा, कोंडी आपणच केली आणि आपणच दार उघडून द्यायला हवं, असं त्यांना झालं.

“हे बघा,” त्या आवाज उतरवून म्हणाल्या. “इतकी वर्षं म्हणत होतात, एकदा नेतो. एकटीने बघण्यात मला काही गोडी नाही. तुम्ही दाखवलंत तरच बघणार, नाहीतर राहिलं. चला लाइनीत.”

“तू बस. मी उभा राहतो.”

“तुम्ही बसा. डॉक्टरांनी काय सांगितलंय? मी उभी राहते.”

काकू लाइनीत उभ्या राहिल्या. लाइन काही हलेना. पुढच्या बाईंनी विचारलं, आत एवढं आहे तरी काय हो, आणि काकूंनी सांगितलं की छान मोठा दिवा आहे. एक विमान सुटणार असल्याची सूचना झाली तशी आतून चार माणसं बॅगा ओढत निघाली, लाइन पुढे सरकली. मग परत थांबली. काकू मधूनच मागे बघत होत्या. काका पहिल्या खुर्चीवर बसून शर्टाची कॉलर नीट करत होते. वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. कुणी बघत नाही असं बघून बुटाचं टोक पॅन्टच्या मागच्या बाजूला पुसलं, एक, मग दुसरं. परीक्षेच्या हॉलबाहेर बसलेल्या मुलासारखे दिसत होते. काकूंनी झटकन मान फिरवली. त्यांना रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता.

काउंटरवरच्या मुलीने लांबून बोट वर केलं. नंबर आला होता.

“अहो, चला.”

दोघं दाराशी आले. दार सरकलं. काका थांबले. दाराच्या पट्टीपाशी, नेमके अलीकडे, पायाला तिथेच थांबायची सवय असावी तसे. हातातली बॅग त्यांनी छातीशी धरली होती. दार थोडं थांबून मिटलं आणि परत उघडलं.

“तुम्ही पुढे व्हा,” काकू म्हणाल्या. “मला काय कळतंय.”

काकांनी पाऊल टाकलं.

ते दिव्याखाली आले. मग वर बघून घसा साफ केला. “हा तो दिवा.”

“बाई बाई. केवढा आहे. तुम्ही म्हणत होतात तेवढाच.”

“हे सोफे. आणि ती बघ, सूपची भांडी.”

“ती होय. त्या दोन्हींत वेगवेगळं असतं का?”

“असतं,” काका म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “बहुतेक.”

त्यांचा आवाज सुटत चालला होता. टोपीवाल्याकडे त्यांनी ओळखीचं असल्यासारखं मान हलवून पाहिलं, त्यानेही मान हलवली. पण सूपच्या टेबलापाशी पोचल्यावर पाय मंदावले. पुढे कुठे जायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. उजवीकडे भिंत होती, डावीकडे लोक उभे. ते क्षणभर तसेच उभे राहिले, आणि त्यांच्या मानेवर घाम आलेला काकूंना दिसला. काकूंनी पर्स सावरण्याच्या निमित्ताने अर्धं पाऊल डावीकडे टाकलं, नवऱ्याच्या कोपराला आपला खांदा लागेल एवढंच. काका त्या बाजूला वळले. स्वतःच वळल्यासारखे.

आणि मग ते थांबले. तिथेच, जिथे मघाशी काकू थांबल्या होत्या.

मघाचं उघड्या पोटाचं विमान आता मिटलं होतं आणि मागे मागे सरकत होतं. त्याच्या जागी दुसरं येत होतं, नाक काचेकडे करून, एवढं जवळ की आतल्या वैमानिकाचा पांढरा शर्ट दिसावा. काकांच्या हातातली बॅग खाली सरकत सरकत जमिनीला टेकली, ते त्यांना कळलं नाही. तोंड किंचित उघडं होतं. काकूंनी त्यांना असं एकदाच पाहिलं होतं, लेक जन्मली त्या दिवशी.

मग ते म्हणाले, “हे... हे नवीन केलंय वाटतं.”

“हो,” काकू म्हणाल्या. “नवीनच दिसतंय. तुमच्या वेळी नसेल.”

“नव्हतं.”

“तेच म्हटलं मी.”

काचेजवळची एक खुर्ची रिकामी होती. काकूंनी त्यांना तीत बसवलं आणि स्वतः खुर्चीच्या हातावर टेकल्या. मग उठून दोन वाट्या सूप घेऊन आल्या. सूप कोमट आणि पाणचट होतं, लेकीने सांगितलं होतं तसंच. काका एकेक चमचा सावकाश घेत होते, डोळे काचेबाहेर. मधेच चमच्याने दाखवत म्हणाले, “तो बघ, तो आडवा झालाय ना चाकापाशी, तो ब्रेक बघतोय. हाताने चाचपतोय बघ. मशीन कितीही मोठं असो, शेवटी हातच लावून बघावं लागतं.” काकू हूं म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरचं मूल अजून रडत होतं, फोनवाले गृहस्थ अजून ओरडत होते. काकांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

काकूंचा फोन वाजला. लेक.

“गेलात का आत? आई, खरं सांग, काही अर्थ होता का त्यात? सांगत होते मी.”

“गर्दी आहे,” काकू म्हणाल्या. “सूप अगदीच पाणी. सोफ्याची गोट कुणी तरी तिरकी मारलीय, बघवत नाही.”

“मग? बाबा कशाला हट्ट करतात कुणास ठाऊक.”

“त्यांनी मला सगळं दाखवलं,” काकू म्हणाल्या. “एकेक गोष्ट. त्यांना इथलं सगळं पाठ आहे.”

काकांचा चमचा वाटीत थांबला. त्यांनी मान वळवली नाही. काकूंनी लेकीला, उतरलो की फोन करतो, असं सांगून फोन ठेवला. काचेपलीकडे विमानाला शिडी लागत होती आणि दोघंही ती लागेपर्यंत बघत राहिली.

मग त्यांच्या विमानाची सूचना झाली.

काका लगेच उठले नाहीत. खुर्चीच्या हातावर त्यांनी तळवा टेकवला, कापडावरून एकदा फिरवला आणि उठले. जाताना वळणापाशी काकूंना वाट दाखवावी लागली नाही. सूपच्या टेबलाशेजारी चहाकॉफीची मांडणी होती आणि तिथे एका वाडग्यात साखरेच्या पुड्या उभ्या लावून ठेवल्या होत्या, लांबट, चकचकीत कागदाच्या. काका तिथे थांबले. इकडेतिकडे पाहिलं. मग दोन पुड्या उचलल्या, आपल्या हाताने, आणि काकूंपुढे धरल्या.

“घे.”

काकूंनी त्या घेऊन पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या आणि चेन लावली. “घरी गेल्यावर बरणीत टाकते,” त्या म्हणाल्या. “दोघं परत गेलो की.”

“हो,” काका म्हणाले.

दार सरकलं आणि दोघं बाहेर आले. लाइन अजून तेवढीच होती. लोखंडी खुर्च्यांपैकी पहिल्या दोन कुणीतरी बॅगा ठेवून अडवल्या होत्या, आणि तिसरीवर साध्या कपड्यातला एक माणूस बसला होता, मांडीवर दुसऱ्या कुणाची तरी भारी चामड्याची बॅग घेऊन, दोन्ही हात तिच्यावर. मान किंचित पुढे काढून तो सरकत्या दारातून आत बघत होता.

काका त्याच्यासमोर थांबले.

“या खुर्चीवर नका बसू,” ते म्हणाले. “डुलते. कंबर धरते मग. पहिली मोकळी करून घ्या, तिथे वारा लागत नाही.”

तो माणूस गोंधळून उठला, बॅगा हलवू लागला. काकांनी वाकून त्यातली एक त्याला उचलून दिली. काकू थोड्या पुढे जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि चष्मा हातातच असताना पर्समध्ये चष्मा शोधत राहिल्या, काकांचं बोलणं संपेपर्यंत. मग काका आले, आणि दोघं गेटच्या दिशेने निघाले, काका पुढे, काकू त्यांच्या मागोमाग.